आठ-दहा वर्षांच्या स्मार्ट टीव्हीवर ॲप बंद पडलं, तर टीव्ही टाकायचा का?

प्रश्न असा आहे: साताऱ्याला आईबाबांकडे २०१६ मॉडेलचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे. चित्र अजून झकास. गेल्या महिन्यापासून एका ॲपवर 'हे ॲप या उपकरणावर यापुढे चालणार नाही' असं येतं. दुसरं उघडतच नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं. यूट्यूब मात्र व्यवस्थित चालतं. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. सॉफ्टवेअर अपडेट मारून काम होईल का? कंपन्या हे मुद्दाम करतात का? बाबा ७४ वर्षांचे आहेत, दोन रिमोट त्यांना झेपत नाहीत.

उत्तर:

दुकानदाराचं या आठवड्यात तरी ऐकू नका. आणि पुढचं वाचण्याआधी साताऱ्याला एक फोन लावा. सांगा की कुणीही टीव्ही 'फॅक्टरी रीसेट' करायचा नाही, म्हणजे सगळं पुसून कारखान्यातून आला तसा करायचा नाही, आणि रखडलेलं ॲप काढून पुन्हा टाकायचं नाही. शेजारचा कॉलेजचा मुलगा मदतीला येतो तेव्हा पहिलं हेच करतो. जुन्या टीव्हीवर एकदा ॲप काढलं की स्टोअरमध्ये ते पुन्हा दिसेलच याचा भरवसा नसतो. लॉगिन एकदा गेलं की परत होईलच असंही नाही. आज यूट्यूब चालतंय, ते उद्या चालू राहावं म्हणून तरी हात आवरा.

मी मिरजेत २४ वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबची कॅप काढताना शॉक खाऊन शिकलेल्यांपैकी आहे. पूर्वी लोक टीव्ही बंद पडला म्हणून यायचे. आता निम्मे लोक टीव्ही चालू असताना येतात. पडदा ठणठणीत, आवाज खणखणीत, बोर्डावर एक कपॅसिटर फुगलेला नाही, पण हवी ती मालिका लागत नाही. यात सोल्डरिंग गनला काही काम नसतं, म्हणून सुरुवातीला मलाही कळायचं नाही. मग एकेक प्रकरण खोदत गेलो.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. ज्या ॲपने स्पष्ट शब्दांत नकार दिलाय, तो त्या सेवेने ठरवून घेतलेला निर्णय आहे. गोल फिरणारं ॲप मात्र काहीच न बोलता मेलंय. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि यूट्यूब चालतंय हा मोठा पुरावा आहे. म्हणजे वायफाय ठीक आहे, आणि टीव्हीचं घड्याळही बरोबर आहे.

घड्याळाचं नाव काढलं म्हणून हसू नका. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका वाड्यात गेलो होतो. वळवाच्या पावसात दोन दिवस लाईट नव्हती, आणि आल्यापासून टीव्हीवर एकही ॲप उघडत नव्हतं. आजोबांनी मॅच बुडतेय म्हणून घर डोक्यावर घेतलेलं. मुलाने नव्या टीव्हीची ऑर्डर देण्याची तयारी केली होती. मी सेटिंगमध्ये जाऊन तारीख पाहिली, तर १ जानेवारी २०१५. तारीख दुरुस्त केली, टीव्ही प्लगपासून बंद करून दोन मिनिटांनी लावला, सगळं सुरू. मजुरी काय मागणार, चहा घेतला आणि निघालो. टीव्ही सर्व्हरशी बोलतो तेव्हा सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो, त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. टीव्हीच्या डोक्यात २०१५ साल असेल तर आजचं ओळखपत्र त्याला भविष्यातलं, म्हणजे खोटं वाटतं. ज्यांचं यूट्यूबसकट सगळंच एकदम बंद पडलंय त्यांनी आधी तारीख बघावी.

ओळखपत्राची ही भानगड उलट बाजूनेही होते. सर्वांत ताजं उदाहरण गूगलच्या क्रोमकास्टचं, म्हणजे टीव्हीला मागून खोचायच्या, ॲप्स दाखवणाऱ्या डोंगलचं. ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाच दिवशी गप्प झाले. हे डोंगल २०१५ चे. त्यांच्यात कारखान्यात जे प्रमाणपत्र घातलं होतं त्याच्या साखळीतल्या एका कडीची मुदत दहा वर्षांची होती, ती त्या दिवशी संपली. कुणी मुद्दाम बंद केलं नव्हतं, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली तारीख उगवली एवढंच. गूगलने पहिली सूचना काय दिली असेल? फॅक्टरी रीसेट करू नका. ज्यांनी धीर धरला त्यांचं डोंगल काही दिवसांत आपोआप अपडेट होऊन चालू झालं. घाई करून रीसेट केलेल्यांना जास्त खोळंबावं लागलं. मी तुम्हाला पहिल्यांदा फोन का करायला लावला ते आता कळलं असेल. गूगलकडे अपडेट पाठवायला माणसं होती म्हणून ते वाचले. हेच एखाद्या स्वस्त टीव्हीच्या बाबतीत झालं असतं, तर त्या मॉडेलवर काम केलेला इंजिनियर शोधूनही सापडला नसता.

आता तुमच्या गोल फिरणाऱ्या ॲपकडे येऊ. लोकांना वाटतं टीव्हीवरचं ॲप मोबाइलवरच्यासारखं असतं. सॅमसंगचे टीव्ही टायझेन आणि एलजीचे वेबओएस या मूळ सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांवरची बहुतेक ॲप्स म्हणजे खरं तर वेबपेजं असतात. टीव्हीच्या पोटात एक ब्राउझर दडलेला असतो, पत्त्याची पट्टी नसलेला, आणि ॲप त्यात उघडतं. गोम अशी, की मोबाइलचा ब्राउझर दर महिन्याला नवा होतो आणि टीव्हीतला ब्राउझर कारखान्यातून निघाला तसाच राहतो. एलजीच्या २०१६ च्या टीव्हीत क्रोमियम ३८ आहे, म्हणजे २०१४ चा ब्राउझर. सॅमसंगच्या २०१७ च्या टीव्हीत क्रोमियम ४७, म्हणजे २०१५ चा. दिवाळीत हार घालून घरात आणलेला कोरा टीव्ही त्याच दिवशी आतून दोन वर्षांचा जुना होता. पुढे अपडेट येतात ती छोट्यामोठ्या चुका दुरुस्त करणारी, ब्राउझरला बहुधा हात लागत नाही.

इकडे ॲप लिहिणारी मुलं आजच्या भाषेत कोड लिहितात. जुन्या ब्राउझरला ती कळत नाही, म्हणून तो कोड जुन्या बोलीत उतरवून देण्याची एक पायरी असते. जोवर ती पायरी आहे तोवर तुमचा टीव्ही चालतो. कंपनीने एक दिवस ठरवलं की २०१७ च्या आधीच्यांसाठी हा उपद्व्याप नको, की खेळ संपला. स्क्रीनवर आधी फिरणारं चक्र दाखवलं जातं, मग मुख्य कोड येतो, त्यातलं पहिलंच अनोळखी वाक्य दिसलं की जुना ब्राउझर तिथेच थांबतो. चक्राला मात्र कुणी थांब म्हणत नाही, ते फिरत राहतं. तुमच्या आईबाबांच्या टीव्हीवर बहुधा हेच चाललंय. मेमरी भरल्यामुळेही असं होऊ शकतं, म्हणून एकदा दोन-चार नको असलेली ॲप्स काढून आणि टीव्ही प्लगपासून पाच मिनिटं बंद ठेवून बघा. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपतो फक्त, त्याची मेमरी रिकामी होत नाही.

मग यूट्यूब कसं चालतं? एक तर गूगलने टीव्हींसाठी कोबाल्ट नावाचा स्वतःचा छोटासा ब्राउझर बनवलाय, कमी मेमरीत चालणारा, आणि तो टीव्ही कंपन्यांना दिला जातो. दुसरं म्हणजे यूट्यूबवरच्या फुकट व्हिडिओंना कडक कुलूप नसतं. पण यूट्यूबही काही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये गूगलने यूट्यूबची जुनी जोडणी बंद केली तेव्हा २०१२ आणि त्याआधीचे कितीतरी स्मार्ट टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर एका झटक्यात यूट्यूबला मुकले. तीन वर्षांपूर्वी घेतलेला टीव्ही! तेव्हा आपल्याकडे घरोघरी इंटरनेट नव्हतं, म्हणून इथे फारसा गवगवा झाला नाही.

कुलपाचा विषय निघालाय तर तेही सांगून टाकतो, कारण 'अपडेट मारून होईल का' याचं उत्तर त्यात आहे. पैसे घेऊन सिनेमा दाखवणाऱ्या सेवा व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात. त्याला डीआरएम म्हणतात. किल्ली फक्त चिपमधल्या एका बंद कोठडीत वापरली जाते, ती कोठडी आणि तिची ओळख कारखान्यातच घातलेली असते. गूगलच्या वाइडवाइन या कुलपाचे दर्जे आहेत. एल१ म्हणजे किल्ली चिपच्या आत सुरक्षित, एल३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एल३ असेल तर बड्या सेवा एचडी चित्र देत नाहीत. चिप किती दणकट आहे याच्याशी याचा संबंध नाही. २०१८ मध्ये आपल्याकडे गाजलेला पोको एफ१ हा फोन आठवतोय? त्या काळातली सर्वांत वेगवान चिप, पण दर्जा एल३, म्हणून नेटफ्लिक्सवर एचडी नाही. पुढे कंपनीने अपडेटने एल१ दिलं. वनप्लस ५ च्या मालकांना तर त्यासाठी फोन कंपनीकडे परत पाठवावा लागला होता. फोनची ही कथा, मग दहा वर्षांच्या टीव्हीसाठी कोण एवढे कष्ट घेणार?

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींवर आणि रोकू या अमेरिकी कंपनीच्या सुरुवातीच्या डब्यांवर सेवा थांबवली, त्याचं मूळ याच कुलपात होतं. त्या उपकरणांत मायक्रोसॉफ्टचं जुनं विंडोज मीडिया कुलूप होतं, नेटफ्लिक्स २०१० पासून प्लेरेडी या नव्या कुलपाकडे वळलं होतं. नऊ वर्षं दोन्ही सांभाळली, मग एक सोडलं. भारतात नेटफ्लिक्स आलं तेच जानेवारी २०१६ मध्ये, त्यामुळे ती लाट आपल्यापर्यंत पोचली नाही. आपली लाट आत्ता येतेय. स्वस्त इंटरनेट आल्यावर २०१६ ते २०२० या काळात जे टीव्ही पटापट विकले गेले, ते सगळे आता एकामागून एक या वयाला पोचतायत.

काही जण कोडेकचं कारण सांगतात, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत नवी आली, एव्ही१ वगैरे, ती जुन्या चिपला उलगडत नाही. खरं आहे, पण बहुतेक सेवा अजून जुनं एच.२६४ ठेवून आहेत, त्यामुळे आजच्या रडगाण्यात त्याचा वाटा मला कमी दिसतो.

तर अपडेट. टीव्हीच्या सेटिंगमधून येणारं अधिकृत अपडेट असेल तर जरूर घ्या, पण २०१६ च्या टीव्हीला ते मिळेल अशी आशा धरू नका. चिप बनवणारी कंपनी वेगळी, टीव्ही जुळवणारी वेगळी, ॲपवाली तिसरीच. चिपवाल्याने त्या चिपसाठी मूळ सॉफ्टवेअर देणं थांबवलं की टीव्हीवाल्याने मनात आणलं तरी ब्राउझर बदलता येत नाही. आणि इंटरनेटवर कुणीतरी ठेवलेली फर्मवेअरची, म्हणजे टीव्हीच्या मूळ सॉफ्टवेअरची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टाकायचा मोह होत असेल तर माझी फजिती ऐका. २०१९ मध्ये तासगावच्या एका मास्तरांच्या टीव्हीत मीच अशी फाइल टाकली. मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर तोच. पण मागच्या स्टिकरवर मॉडेलखाली आणखी एक बारीक ओळ असते, त्या ओळीवरून आत पॅनेल कोणत्या कंपनीचं आहे ते ठरतं, ती मी पाहिली नव्हती. अपडेट ९० टक्क्यांपर्यंत गेलं, टीव्ही बंद झाला, आणि त्यानंतर नुसता लाल दिवा मिचमिचायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना मदरबोर्ड पदरच्या पैशाने आणून घातला तेव्हा सुटलो. मास्तर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मुद्दाम करतात का, या प्रश्नावर माझं मत 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. सेवा देणाऱ्या कंपनीला प्रत्येक टीव्ही मॉडेलवर ॲप तपासावं लागतं. त्यासाठी ते टीव्ही प्रयोगशाळेत रांगेत लावून ठेवलेले असतात. एखाद्या सालचे टीव्ही वापरणारे कमी झाले की तो टीव्ही रांगेतून काढतात. यात द्वेष नाही, हिशेब आहे. टीव्ही बनवणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे. पडदा दहा-बारा वर्षं टिकतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि खोक्यावर पडद्याच्या इंचांपेक्षा मोठे ॲप्सचे लोगो छापतात. त्या लोगोंचं आयुष्य किती हे कुठेच छापत नाहीत. माहितीपत्रकाच्या शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत 'ॲप सेवा पूर्वसूचनेशिवाय बंद होऊ शकतात' हे वाक्य असतं, तेवढ्यावर ते मोकळे. अलीकडे थोडी लाज वाटू लागलीय म्हणा. सॅमसंगने नव्या टीव्हींना सात वर्षं टायझेनच्या नव्या आवृत्त्या देऊ असं जाहीर केलंय, एलजीनेही पाच वर्षांत चार नव्या आवृत्त्यांचं वचन दिलंय. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे, की इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूला सुरक्षा अपडेट किती काळ मिळेल ते विकतानाच सांगायचं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, पण ते सुटे भाग, दुरुस्ती आणि माहितीपुस्तिकांसाठी आहे. ॲप का बंद केलं हे तिथे कुणाला विचारता येत नाही. टीव्ही घेऊन वर्षच झालं असेल आणि खोक्यावर लोगो असलेलं ॲप बंद झालं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा. तुमच्या टीव्हीच्या बाबतीत फोनचा वेळही वाया जाईल.

आता करायचं काय? तुम्हाला केबल डिजिटल झाली तो काळ आठवत असेल. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही शेवटची तारीख होती, पुण्यात ३१ मार्च २०१३, आमच्याकडे त्यानंतर. तेव्हा कुणी टीव्ही फेकला का? पंचवीस-पंचवीस वर्षांच्या पिक्चर ट्यूबला सेट टॉप बॉक्स लागला आणि ती पुढे कितीतरी वर्षं चालली. टीव्ही बिचारा नुसतं चित्र दाखवत होता, अक्कल डब्यात होती. तेच आता करा. तुमच्या स्मार्ट टीव्हीची अक्कल काढून घ्या, त्याला साधा पडदा करा, आणि अक्कल बाहेरून लावा. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये, म्हणजे डीटीएचच्या डब्याची वायर लागते त्या खाचेत, खोचायची स्टिक किंवा छोटा बॉक्स तीन ते सहा हजारांत मिळतो. पाच वर्षांनी तोही म्हातारा होईल, तेव्हा तो बदला, टीव्ही तिथेच राहील.

स्टिक घेण्याआधी टीव्हीची तब्येत बघा. एचडीएमआयचे पोर्ट चालतात का ते डीटीएचचा डबा प्रत्येक पोर्टला लावून तपासा. वळवाच्या विजांनी पहिला बळी जातो तो एचडीएमआय पोर्टचाच, छत्रीच्या केबलमधून झटका येतो. अंधारात पांढरं चित्र लावून कडांना काळपट डाग किंवा मधे फिका पट्टा दिसतो का बघा. दिसला तर बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या दमल्यात. त्या बदलता येतात, पण मग त्या खर्चाचा आणि नव्या टीव्हीचा हिशेब मांडा. पॅनेलवर उभी रेघ आली असेल तर मात्र पैसे घालू नका.

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर आधी त्या कंपनीला विचारा. जिओ आणि एअरटेल दोघेही आपल्या जोडणीबरोबर ॲप्स चालणारा बॉक्स देतात, कधी प्लॅनमध्येच असतो. साताऱ्यात कुणाचा माणूस हाकेला धावतो ते बघून ठरवा. आईबाबांसाठी हा निकष ४के-बिकेपेक्षा मोठा आहे.

एक गोष्ट बजावून सांगतो. बाजारात बिननावाचे 'अँड्रॉइड बॉक्स' दीड-दोन हजारांत मिळतात, सगळे चॅनेल फुकट असं सांगून विकतात. घेऊ नका. गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या अशा डब्यांत कारखान्यातूनच घुसखोर सॉफ्टवेअर आलेलं सापडलंय. बॅडबॉक्स २.० या नावाने अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये त्याबद्दल उघड इशारा दिला होता. वर कुलपाचा दर्जा नसल्याने चांगल्या सेवा त्यावर धड चालतही नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ॲपच्या फाइलींचंही तेच. आणि टीव्ही घेताना 'अँड्रॉइड टीव्ही' आणि 'अँड्रॉइडवर चालणारा टीव्ही' यांत फरक आहे हे लक्षात ठेवा. पहिल्यात गूगलचं प्ले स्टोअर आणि मान्यता असते. दुसऱ्यात मोबाइलचं उघडं अँड्रॉइड आणून बसवलेलं असतं. २०१६ ते २०२० च्या काळातल्या कितीतरी स्वस्त टीव्हींची हीच गत आहे.

स्टिक लावताना तिच्याबरोबर येणारा ॲडॉप्टर वापरा आणि तो भिंतीतल्या सॉकेटला लावा. लोक टीव्हीच्या यूएसबीतून करंट घेतात. जुन्या टीव्हीचा यूएसबी पोर्ट अर्धा ॲम्पियर देतो, स्टिकला तेवढा पुरत नाही, मग ती ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये आपोआप बंद होऊन चालू होते आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या घालता. टीव्हीच्या पत्र्यामागे वायफाय कमी येत असेल तर खोक्यातली ती छोटी एचडीएमआयची वायर फेकू नका, ती त्यासाठीच आहे. स्टिक नीट चालू लागली की टीव्हीला घरचं वायफाय विसरायला लावा. अपडेट न मिळणारं यंत्र इंटरनेटवर उघडं ठेवण्यात काही शहाणपण नाही. यूट्यूबही स्टिकवरच बघायचं.

बाबांचा रिमोट हा खरा कळीचा मुद्दा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय शोधा. सॅमसंगवर तिला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटचं एक बटण दाबल्यावर टीव्ही चालू होतो आणि आपण होऊन योग्य पोर्टवर जातो. आवाजासाठी मात्र स्टिकच्या रिमोटवर आवाजाची बटणं आहेत का ते विकत घेण्याआधी बघा. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिक लाइटच्या रिमोटवर ती नव्हती. शे-पाचशे वाचवून ती स्टिक आणलेल्या घरांत दोन रिमोटांची कटकट जशीच्या तशी राहिली. सगळं लावून झाल्यावर तुम्ही साताऱ्याहून परतण्याआधी बाबांकडून तीनदा टीव्ही चालू-बंद करून घ्या, तुम्ही हात न लावता. पहिल्या दोन वेळा चुकतील, तिसऱ्यांदा जमेल.

डबा लावूनही समाधान झालं नाही आणि नवा टीव्ही घ्यायचाच ठरला, तर ॲप्सचे लोगो मोजू नका. चित्र बघा, एचडीएमआयचे तीन पोर्ट आहेत का बघा, आणि मॉडेल कोणत्या सालचं आहे ते विचारा. सेलमध्ये भरघोस सूट असते ती बहुधा दोन वर्षं गोदामात राहिलेल्या मॉडेलवर, आणि अपडेटची वर्षं मॉडेलच्या सालापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. सॅमसंगच्या साध्या एलईडी टीव्हींत हे मॉडेल नंबरवरूनच कळतं. इंचांच्या आकड्यानंतरचं अक्षर बघायचं: जे म्हणजे २०१५, के २०१६, एम २०१७, एन २०१८. इतरांचं साल मागच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या साइटवर सापडतं. आणि जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. चालू पडदा आहे, दवाखान्याच्या किंवा क्लासच्या माणसाला सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी हवाच असतो.

राहता राहिला टीव्हीचा जुना रिमोट. त्यावर त्या बंद पडलेल्या ॲपचं लाल-निळं बटण असेल. बाबा सवयीने ते दाबणार, टीव्ही पुन्हा त्या मेलेल्या ॲपकडे जाणार, आणि रात्री साडेनऊला तुम्हाला फोन येणार. रिमोट उघडा, रबराची चटई उचला, त्या बटणाखाली काळा ठिपका दिसेल, त्यावर सेलोटेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि रिमोट बंद करा. बटण दाबलं जाईल, पण काही होणार नाही.